कामाजोगे इंजिन : महाराष्ट्रातील इंजिनबांधणीचा एक ऐतिहासिक अभ्यास (१९४६ ते २०२२)

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर हा कापूस व सोयाबीन पिकविणारा, काळ्या जमिनीचा तालुका आहे. तालुक्यातील जाम येथे नागपूर–हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरकडे जाणारा रस्ता येऊन मिळतो. या तिठ्यावर अर्धा तास उभे राहिले असता इंजिनांचे एक प्रदर्शनच पाहावयास मिळते. दक्षिणेकडे जाणारे अवजड ट्रक, प्रवाशांनी भरलेली काळी-पिवळी जीप, हिंगणघाटच्या बाजाराकडे कापूस नेणारी छोटी मालवाहू गाडी आणि वेगाने निघून जाणारी खाजगी मोटार ही सारी वाहने एकाच रस्त्यावरून धावतात. मात्र त्यांच्या पोटातील इंजिने एकमेकांहून अत्यंत भिन्न स्वभावाची असतात. एकाचे इंजिन दुसऱ्यात बसविल्यास दोन्ही वाहने निरुपयोगी ठरतील.

इंजिनाची चर्चा आपल्याकडे बहुधा अश्वशक्तीच्या आकड्याने सुरू होते आणि तेथेच संपते. जास्त अश्वशक्ती म्हणजे अधिक चांगले इंजिन, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रातील इंजिनबांधणीचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. ज्या इंजिनांनी येथील शेती, बाजार व प्रवास यांचे स्वरूप पालटले, त्यांपैकी बहुतेक इंजिने शक्तीच्या दृष्टीने अगदी सामान्य होती. त्यांचे यश कामाच्या अचूक ओळखीत होते. प्रस्तुत लेखात या ओळखीचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) महाराष्ट्रात घडलेल्या निवडक इंजिनांची रचना व त्यांचा अपेक्षित वापर यांतील संबंध स्पष्ट करणे. (२) हा वापर कोण ठरवितो, याचा ऐतिहासिक दृष्टीने शोध घेणे. (३) वापराचा अंदाज चुकल्यास काय घडते, हे पाहणे.

यासाठी तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तुलनेसाठी अश्वशक्तीबरोबरच दट्ट्याचा सरासरी वेग हे माप घेतले आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात एकदा वर व एकदा खाली जातो. त्यामुळे धावेच्या लांबीची दुप्पट गुणिले दर सेकंदाचे फेरे, एवढा त्याचा सरासरी वेग असतो. हा वेग जितका अधिक तितकी झीज, उष्णता व कंप यांचा ताण मोठा. एखादे इंजिन किती काळ अखंड चालावे अशी त्याच्या बांधणाऱ्याची अपेक्षा होती, याचा स्थूल अंदाज या एका आकड्यावरून करता येतो.

आधी काम, मग यंत्र :

यंत्र घडविण्यापूर्वी त्याच्या कामाच्या अटी लिहून काढाव्यात, ही कल्पना वर्धा जिल्ह्याला अपरिचित नाही. महात्मा गांधींच्या प्रेरणेने चालणाऱ्या अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्याजोग्या आहेत. चरखा हाताने वा पायाने चालावा, खेड्यातील झोपडीत वापरता यावा, आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, योग्य देखभाल केल्यास तो वीस वर्षे टिकावा आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये, अशा त्या अटी होत्या.

या पारितोषिकासाठी किर्लोस्करवाडीतही प्रयत्न झाले. परंतु ते अखेर कोणालाही मिळाले नाही. तरीही त्या अटींचे ऐतिहासिक मोल कमी होत नाही. यंत्र कोठे चालेल, कोण चालवील, ते किती टिकेल आणि त्याच्या दुरुस्तीला किती खर्च येईल, हे चार प्रश्न त्यात स्पष्टपणे विचारले गेले. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली चालले, त्यामागेही हेच प्रश्न होते. गांधीविचार व मोटारीचे इंजिन यांची सांगड घालणे येथे अभिप्रेत नाही. मात्र हे चार प्रश्न कोणत्याही इंजिनाला लावता येतात आणि पुढील विवेचनात ते लावून पाहिले आहेत.

विहिरीवरचे इंजिन व लढाईवरचे इंजिन :

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची स्थापना केली. तत्पूर्वीच त्यांनी लोखंडी नांगर घडविला होता. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळे तो नांगर प्रारंभी खपत नव्हता. यंत्र कामाला योग्य असणे आणि लोकांना ते योग्य वाटणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा धडा महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाला तेव्हाच मिळाला होता.

त्यांचे पुत्र शंतनुराव किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. मोटेऐवजी पंपाने पाणी उपसणे, ही त्या काळातील शेतकऱ्याची गरज होती. खेड्यांत वीज नव्हती. अशा वेळी डिझेलवर चालणारे छोटे इंजिन विहिरीच्या काठावर आले. या कंपनीचे पुढे सर्वदूर पसरलेले ‘एव्ही १’ हे इंजिन या वर्गाचे उत्तम उदाहरण होय. त्यात एकच सिलिंडर, त्याचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर, घनता सुमारे ५५३ सीसी, आणि दर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर शक्ती अवघी पाच अश्वशक्ती.

याच्याशेजारी एक अगदी वेगळे इंजिन ठेवून पाहू. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या पेट्रोल इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ७९.४ मिलिमीटर, धाव १११ मिलिमीटर आणि घनता सुमारे ५५० सीसी होती. म्हणजे जीपचा एक सिलिंडर आणि विहिरीवरच्या इंजिनाचा एकमेव सिलिंडर यांचे माप जवळजवळ सारखेच आहे. तरीही जीपचा प्रत्येक सिलिंडर सरासरी १५ अश्वशक्ती देई आणि विहिरीवरचा पाच.

हा तिप्पट फरक प्रामुख्याने फेऱ्यांचा आहे. जीपचे इंजिन दर मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ही शक्ती देत असे. दट्ट्याचा सरासरी वेग काढला तर जीपमध्ये तो सेकंदाला सुमारे १४.८ मीटर येतो आणि ‘एव्ही १’ मध्ये ५.५ मीटर. एक इंधन पेट्रोल व दुसरे डिझेल असल्याने ही तुलना सर्वांशी काटेकोर म्हणता येणार नाही. परंतु तिच्यातून मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. युद्धभूमीवरील जीपला चढण, चिखल व घाई यांसाठी काही क्षणांची मोठी शक्ती हवी होती. विहिरीवरच्या इंजिनाला रात्रभर, एकाच वेगाने, कोणी जवळ नसताना पाणी उपसत राहायचे होते. त्याचे जड चाक आणि मंद गती हा मागासलेपणा नव्हता. तो कामाचा विचार होता.

विहिरीवरून रस्त्यावर : जीपचे बदललेले काम :

१९४५ मध्ये स्थापन झालेली आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखली जाणारी कंपनी स्वातंत्र्यानंतर जीपची जुळणी करू लागली. लष्करासाठी निर्माण झालेले हे वाहन भारतात सरकारी अधिकारी, वनखाते, साखर कारखाने आणि शेवटी खेड्यातील प्रवासी वाहतूक अशा क्रमाने नव्या हातांत गेले. वाहन तेच राहिले. परंतु त्याचे काम बदलले. साहजिकच इंजिनही बदलणे भाग पडले.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलच्या किमती झपाट्याने वाढल्या. डिझेलचे दर सरकारी धोरणाने तुलनेने कमी ठेवले जात होते. ज्या मालकाची गाडी दिवसभर माणसे वाहणार, त्याला पेट्रोलचे इंजिन परवडणे अशक्य झाले. येथे महिंद्र समूहाला स्वतःच्या दुसऱ्या व्यवसायाचा उपयोग झाला. इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या सहभागाने १९६३ मध्ये भारतात इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली होती. त्या ट्रॅक्टरच्या कुळातील डिझेल इंजिन जीपमध्ये आले. पुढे १९८० च्या सुमारास फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन परवान्याने घेण्यात आले आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या कारखान्यात इंजिनांचे उत्पादन सुरू झाले.

शेतात नांगर ओढण्यासाठी बनलेल्या इंजिनाच्या कुळातील यंत्र माणसांच्या वाहतुकीला लागले, ही घटना वरवर विसंगत वाटते. परंतु काळी-पिवळीचे खरे काम काय होते? क्षमतेहून अधिक प्रवासी घेऊन, खराब रस्त्यावरून, दर मैलाला थांबत व पुन्हा निघत जाणे. हे काम जवळजवळ ट्रॅक्टरचेच होते. कमी फेऱ्यांवर मिळणारा भरपूर पीळ, म्हणजे चाक फिरविण्याचा जोर, दोन्ही ठिकाणी हवा होता. शिवाय ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कारागीर तालुक्याच्या गावी मिळत असल्याने त्या धाटणीचे इंजिन त्याच्या हातचे होते. दुरुस्तीचा प्रश्न येथे आपोआप सुटला.

‘टेम्पो’ : यंत्रापासून शब्दापर्यंत :

मालवाहतुकीच्या क्षेत्रात याच काळात दुसरा प्रवाह वाहत होता. एन. के. फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून जर्मन ‘टेम्पो’ बनावटीचे तीनचाकी मालवाहन भारतात आणले. कंपनीचा कारखाना पुढे पुण्याजवळ आकुर्डीला आला. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. मूळ नाव मात्र मराठी भाषेने स्वतःकडे ठेवून घेतले. कोणत्याही कंपनीच्या छोट्या मालवाहू गाडीला आज मराठी माणूस ‘टेम्पो’च म्हणतो. ट्रक व बैलगाडी यांच्या मधल्या एका नव्या कामाला त्या यंत्राने नाव दिले, असा याचा अर्थ होतो.

हे मधले काम म्हणजे थोडा माल, थोडे अंतर, अरुंद गल्ली आणि दिवसातून अनेक फेऱ्या. १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ ने अडीच टनांच्या आसपासचा वर्ग व्यापला. परंतु त्याच्या खाली, अर्ध्या ते पाऊण टनाच्या कामासाठी, तीनचाकीखेरीज पर्याय नव्हता. ही पोकळी पुढे जवळजवळ वीस वर्षे तशीच राहिली.

अर्धे इंजिन : टाटा एस (२००५) :

टाटा समूहाच्या वाहन कंपनीचा पुण्यातील प्रकल्प सुमंत मुळगावकर यांच्या दृष्टीतून १९६६ पासून उभा राहिला. याच परंपरेतून १९९८ मध्ये इंडिका ही मोटार आली. तिच्या डिझेल इंजिनाचा सांकेतिक अंक ४७५ होता; म्हणजे चार सिलिंडर व ७५ मिलिमीटर व्यास. धाव ७९.५ मिलिमीटर, घनता १४०५ सीसी, शक्ती सुमारे ५३ अश्वशक्ती आणि पीळ ८५ न्यूटन-मीटर.

२०००-०१ मध्ये कंपनीला मोठा तोटा झाला. त्यानंतर गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील चमूकडे छोट्या मालवाहू गाडीचे काम सोपविण्यात आले. या चमूने तीनचाकीच्या मालक-चालकांशी बोलून त्यांची गरज समजावून घेतली. मे २००५ मध्ये पुण्यात ‘टाटा एस’ सादर झाली. तिच्यासाठी इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनातून दोन सिलिंडरचे इंजिन घडविण्यात आले. त्याचा सांकेतिक अंक २७५ आणि घनता ७०२ सीसी. व्यास व धाव तीच राहिली.

निम्मे इंजिन म्हटल्यावर निम्मी, म्हणजे २६-२७ अश्वशक्ती अपेक्षित धरावी. प्रत्यक्षात एसची शक्ती अवघी १६ अश्वशक्ती होती. मग उरलेल्या दहा अश्वशक्ती कोठे गेल्या? येथेच या इंजिनाचे मर्म आहे. एसचा पीळ सुमारे ३८ न्यूटन-मीटर, म्हणजे इंडिकाच्या निम्म्याच्या जवळपास राखला गेला. कपात झाली ती फेऱ्यांत. इंडिकाचे इंजिन आपली कमाल शक्ती पाच हजार फेऱ्यांच्या घरात देत असे; एसचे ३२०० फेऱ्यांवर. शक्ती म्हणजे पीळ आणि फेरे यांचा गुणाकार. जोर शाबूत ठेवून फेरे कमी केले, की कागदावरचा अश्वशक्तीचा आकडा खाली येतो. मात्र भरलेली गाडी जागची हलविण्याची ताकद टिकते.

दट्ट्याच्या वेगाचे माप लावले तर हे अधिक स्पष्ट होते. पाच हजार फेरे धरल्यास इंडिकाच्या दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १३ मीटर येतो. एसच्या दट्ट्याचा सुमारे ८.५ मीटर. विहिरीवरच्या ५.५ मीटरकडे हा आकडा बराच झुकलेला आहे. मोटारीच्या इंजिनाचा सिलिंडर घेऊन त्याला पंपाच्या इंजिनाचा संयम शिकविण्यात आला, असे म्हणता येईल.

समुद्रपूर परिसरातील शेतमालाच्या संदर्भात या निवडीचा अर्थ लावता येतो. कापूस फुगीर असतो. वजन गाठण्याआधी जागा संपते; म्हणून त्याला मोठा वेग देण्यात अर्थ नसतो. सोयाबीनची पोती उलट लहान जागेत जड होतात आणि मालक नेमून दिलेल्या ७५० किलोंवर क्वचितच थांबतो. दोन्ही प्रसंगी इंजिनाकडून मंद, दमदार ओढ अपेक्षित असते. भरलेल्या एसचे एकूण वजन दीड टनाच्या घरात जाते. म्हणजे टनामागे दहा-अकराच अश्वशक्ती मिळते. मोटारीच्या मापाने हा आकडा हास्यास्पद आहे. हिंगणघाटपर्यंतच्या काही कोसांच्या खेपेसाठी आणि हप्ते फेडणाऱ्या मालकाच्या डिझेलच्या हिशेबासाठी तो पुरेसा आहे. २०१२ मध्ये या गाडीने दहा लाखांचा टप्पा ओलांडला, यावरून हा हिशेब देशभर किती जणांना पटला याची कल्पना येते.

योग्य इंजिन, अपुरे आकलन : नॅनो (२००८–२०१८) :

एसच्या यशानंतर वाघ यांच्याच नेतृत्वाखाली नॅनो साकारली. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत तिचे अनावरण झाले आणि मार्च २००९ मध्ये ती बाजारात आली. दुचाकीवरून धोका पत्करून जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला एक लाख रुपयांच्या मूळ किमतीत मोटार द्यावी, हा रतन टाटा यांचा संकल्प होता.

नॅनोच्या इंजिनात दोन सिलिंडर होते. व्यास व धाव दोन्ही ७३.५ मिलिमीटर, घनता ६२४ सीसी, शक्ती सुमारे ३५ अश्वशक्ती. इंधन पेट्रोल, साहित्य ॲल्युमिनियम, जागा मागील बाजूस. रिकाम्या गाडीचे वजन सहाशे किलोंच्या आसपास असल्याने चार माणसांसह टनामागे सुमारे ४० अश्वशक्ती मिळत होती. शहरातील प्रवासासाठी हे इंजिन योग्य होते. दुचाकीस्वार कुटुंबाच्या कामाचा यांत्रिक हिशेब चुकलेला नव्हता.

तरीही अपेक्षित ग्राहक आला नाही. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथून ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकल्प हलवावा लागला, गुजरातमधील साणंदचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला आणि या विलंबाची झळ बसली, हे खरे आहे. परंतु अधिक खोल कारण ग्राहकाच्या मनात होते. ‘सर्वांत स्वस्त मोटार’ ही ओळख तिला चिकटली आणि ती ओळख चुकीची ठरल्याचे पुढे खुद्द टाटा यांनीही मान्य केले. मध्यमवर्गीय कुटुंब मोटार घेते तेव्हा ते प्रवासाबरोबर प्रतिष्ठाही विकत घेत असते. लग्नाला जाणे, सासुरवाडीच्या दारात उभी करणे, हाही मोटारीचा वापरच होय. हा वापर कोणत्याही इंजिनाच्या आराखड्यात मांडला गेला नव्हता. २०१८ मध्ये तिचे उत्पादन जवळजवळ थांबले.

एसच्या बाबतीत याच प्रतिष्ठेने उलट काम केले. तीनचाकीवरून चारचाकीवर आलेल्या चालकाचे समाजातील स्थान उंचावले. एक गाडी ग्राहकाला वर नेत होती. दुसरी तो जेथे पोचू पाहत होता त्याच्या खाली राहिली असे त्याला वाटले. लोखंडी नांगराच्या प्रसंगी किर्लोस्करांना जे दिसले, ते शंभर वर्षांनी पुन्हा दिसले.

वापराची व्याख्या बदलते तेव्हा :

कामाचे स्वरूप केवळ मालक व बांधणारा हेच ठरवीत नाहीत, कायदाही ठरवितो. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोल-डिझेल यांमधील जुनी तफावत घटली. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे भारत स्टेज सहा निकष लागू झाले. छोट्या डिझेल इंजिनाला हे निकष पूर्ण करण्यासाठी लागणारी उपकरणे इंजिनाच्या मानाने महाग पडतात. त्याच वर्षी एसच्या मालिकेत ६९४ सीसीचे पेट्रोल इंजिन आले आणि २०२२ मध्ये तिची विद्युत आवृत्ती सादर झाली. काम तेच राहिले, पण त्या कामाच्या हिशेबात हवेची किंमत अधिक काटेकोरपणे धरली गेली. १९२९ च्या चार प्रश्नांत आता पाचव्याची भर पडली आहे : यंत्राच्या धुराचा भार कोण वाहणार?

निष्कर्ष :

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अश्वशक्ती हे इंजिनाच्या गुणवत्तेचे स्वतंत्र माप नाही. सारख्या मापाच्या सिलिंडरमधून पाच किंवा पंधरा अश्वशक्ती घेणे हा कामानुसार केलेला निर्णय असतो.

२. टिकाऊ यश मिळविणाऱ्या इंजिनांनी भार, वेग, कामाचे तास, इंधनाचा खर्च व स्थानिक दुरुस्ती यांचा एकत्र विचार केला. विहिरीवरचे इंजिन, डिझेल जीप व टाटा एस ही त्याची तीन उदाहरणे आहेत.

३. वापर ही संकल्पना यांत्रिक तशीच सामाजिक आहे. नॅनोचे उदाहरण दाखविते की यांत्रिकदृष्ट्या योग्य इंजिनही वापराच्या सामाजिक अर्थाकडे दुर्लक्ष झाल्यास अपयशी गाडीत अडकून पडते.

४. वापर अंतिमतः वापरणारा ठरवितो. जीपचे काम लष्कराने लिहिले होते. ते खेड्यातील प्रवाशांनी पुसून नव्याने लिहिले आणि इंजिनाला त्यामागे जावे लागले.

आपल्या स्थानिक इतिहासलेखनात राजवटी, चळवळी व संस्था यांना योग्य स्थान मिळाले आहे. ज्या यंत्रांनी तालुक्याचा बाजार, विहीर व प्रवास बदलला, ती यंत्रे मात्र भंगारात जाताना त्यांची नोंद कोणी घेत नाही. विजेचे पंप आल्यावर विहिरीवरची इंजिने गेली. काळी-पिवळी जीपही विरळ होत आहे. ही इंजिने चालविणारी व दुरुस्त करणारी पिढी आज वृद्ध झाली आहे. त्यांचे अनुभव संकलित करणे हे तालुका पातळीवरील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज शक्य असलेले आणि तातडीचे काम आहे. इंजिन कोणत्या कामासाठी बांधले गेले, हे आराखड्यावरून कळते. त्याने प्रत्यक्षात कोणते काम केले, हे त्या माणसांकडूनच कळू शकेल.